आत्याबाईंचे मौन

लष्करातील आमच्या जुन्या वाड्यात आत्याबाईंचा आवाज पहाटेच्या भूपाळीपासून रात्रीच्या आरतीपर्यंत घुमत असे. अशा आत्याबाई एका वर्षी गणेशोत्सवातील कीर्तनाला येईनाशा झाल्या. विचारले, तर “गुडघे धरलेत रे,” एवढेच म्हणत. गुडघ्यांना काहीही झाले नव्हते. खोकला वा शिंक आली, की लघवीवर ताबा राहत नसे आणि अंग बाहेर येऊ लागले होते. हे आम्हांस कळले अकरा वर्षांनी, तेही आमच्या सौभाग्यवतींकडून. पुरुषाने या विषयावर लेखणी उचलावी काय, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु दवाखान्याचा खर्च, सोबत आणि सवड ही बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्याच हाती असतात. त्याला ठाऊकच नसेल तर सोय कोण करणार?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणात ती ताणली जाते. पुढे बद्धकोष्ठ, जुनाट खोकला, जड ओझी आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांनी आणखी सैलावते. आपल्या घरांत बाळंतिणीला तेल लावतात, शेक देतात, पोट बांधतात, डिंकाचे लाडू चारतात. या झोळीची विचारपूस मात्र कुणीच करीत नाही.

असे मौन केवळ आमच्या वाड्यातले नव्हे. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के!

उपाय मात्र पुष्कळदा घरातच होण्याजोगा असतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम मांडला. वायू रोखताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच आवळावयाचे. पाच मोजेपर्यंत धरावयाचे, मग तितकाच वेळ सैल सोडावयाचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडू नये, पोट व मांड्या ताठ करू नयेत. योगाभ्यासी भगिनींना यात मूलबंधाची ओळख पटेल. काही जणींचे स्नायू मुळातच आखडलेले असतात, म्हणून आधी तपासणी करून घेणे बरे.

परदेशी स्थायिक झालेल्या लेकीसुना हल्ली ऑस्टिओपॅथीचे नाव काढतात. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली अमेरिकेत मांडलेली ही हस्तचिकित्सा. कंबर, माकडहाड व ओटीपोटाभोवतीचे आखडलेले स्नायू जाणत्या हाताने मोकळे केल्यास दुखणे हलके होऊ शकते. परंतु उतरलेले गर्भाशय केवळ दाबून-चोळून जागेवर राहत नाही, हे ध्यानी असावे. स्नायूंना पुन्हा बळ आणावयाचे तर व्यायामच हवा. तो शिकविणारे फिजिओथेरपिस्ट आपल्याकडेही आहेत.

दुखणे वाढले तर शस्त्रक्रिया आहेच, आणि तीत एक नाव आपल्याच मुलखातले आहे. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मांडीतील चिवट पडद्याची पट्टी वापरून उतरलेले गर्भाशय पाठीच्या कण्याच्या बुडाशी टांगण्याची रीत बसविली. पुढे मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय काढावे लागू नये, हा तीमागील हेतू. आमच्या ग्वाल्हेरीत १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेले कमलाराजा रुग्णालय स्त्रिया व बालकांसाठीच आहे. वाट दूरची नाही. पाळी गेल्यानंतर रक्त दिसल्यास मात्र एक दिवसही दवडू नये.

आत्याबाईंना अखेर आमच्या सौभाग्यवती एका स्त्री-डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. शस्त्रक्रिया नको म्हणाल्या, तेव्हा डॉक्टरांनी आधारासाठी आत बसविण्याचे एक मऊ कडे दिले, ठराविक मुदतीने तपासून घेण्यास बजावले आणि व्यायाम शिकविला. “एवढंच होतं होय गं?” असे त्या परतताना टांग्यात दोनदा म्हणाल्या. त्या वर्षी कीर्तनात आत्याबाई दाराजवळ नव्हे, अगदी पुढच्या रांगेत बसल्या होत्या.