बोरघाटातील बोगद्यांचा अपुरा ताळेबंद

कर्जत सोडल्यावर गाडी घाट चढू लागते, एकामागून एक बोगदे येतात, क्षणभर काळोख होतो आणि पुन्हा दरी दिसू लागते. मुंबई-पुणे प्रवाशांच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की, या काळोखाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तरी तो विचारलाच पाहिजे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची खंडाळा-पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती. परंतु मधला घाट प्रवाशांना पालखीतून वा अन्य वाहनाने ओलांडावा लागे. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढणारा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि ही उणीव दूर झाली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या या आखणीत २५ बोगदे होते आणि कमाल चढ ३७ फुटांस १ फूट होता. एका सोंडेवर वळणास जागाच नसल्याने गाडीची दिशा उलटविणारे रिव्हर्सिंग स्टेशन बांधावे लागले. ते १९२९ च्या नव्या आखणीने वगळले. डायनामाइट तेव्हा उपलब्ध नव्हते. कठीण काळ्या पाषाणात पहारीने भोके पाडून, त्यांत दारू ठासून सुरुंग उडवीत हे बोगदे कोरले गेले. अभियांत्रिकीचे हे यश निर्विवाद आहे.

परंतु त्यामागील अर्थव्यवहार पाहा. १८४९ च्या करारान्वये कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. उत्पन्न अपुरे पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे प्राधान्याने रयतेच्या साऱ्यातून, भरली जाई. भांडवलास जोखीम अशी उरलीच नव्हती. मग ती गेली कुठे? ती डोंगरावर गेली. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम अशा उतरंडीतून मजुरी खाली झिरपे. ती थकल्यामुळे १८५९ च्या आरंभी मजुरांचा उद्रेक झाला आणि कंत्राटदार फॅविएल यांना काम सोडावे लागले. पुढचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, येथे येताच थोड्या दिवसांत मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट निभावून नेले आणि त्यांचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच झाले. मात्र पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांना बळी पडलेल्या हजारो मजुरांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. कामगार नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडावे लागले.

हा केवळ परकीय राजवटीचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातील सिलक्यारा येथे खोदल्या जाणाऱ्या बोगद्यात ४१ मजूर सतरा दिवस अडकले. यंत्र निकामी झाल्यावर अखेरचा अडथळा हाताने खणून दूर केला, तो गरीब खाणमजुरांनीच. दीड शतकात यंत्रे बदलली. मजुरांची ती उतरंड अजून पुरती मोडलेली नाही.

प्रकल्पाचा खर्च मांडताना सिमेंट, पोलाद आणि व्याज पै-पैशाने मोजणाऱ्यांनी माणसाच्या जिवाची जोखीमही आरंभीच हिशेबात धरावी. भांडवलाला हमी देता येते, तर श्रमाला का देता येऊ नये?