विशेषण एकटे पाठ करू नका
वसईच्या किल्ल्याचा तट भक्कम, होडीच्या दोरावरची कोळ्याची पकड घट्ट आणि संकटात न डगमगणाऱ्या माणसाची इच्छाशक्ती दृढ. मराठीत ही विशेषणे सहसा एकमेकांची जागा घेत नाहीत. फिनलंडच्या भाषेत मात्र तिन्ही ठिकाणी 'लुया' हे एकच विशेषण चालते: लुया मूरी, लुया ओते, लुया ताह्तो. पण म्हणून ते प्रत्येक 'बळकट' गोष्टीला लावता येते असे नाही. आपण कडक चहा म्हणतो, तशा कडक कॉफीला फिनिश माणूस 'वाह्वा' म्हणतो, 'लुया' नव्हे. आणि कठीण दगडासाठी 'कोवा' हे वेगळेच विशेषण आहे. परकी भाषा शिकताना विशेषण एकटे पाठ न करता नामासकट पाठ करावे, असे म्हणण्याचे कारण हेच.

'लुया' आणि 'कोवा' यांतला भेद केवळ शब्दकोशातला नाही. काच कठीण असते, तिच्यावर सहज ओरखडा उठत नाही, पण आघाताने ती फुटते. फिनिश अभियंते कठीणपणाला 'कोवूस' म्हणतात आणि ताण सोसण्याच्या क्षमतेला 'लुयूस'. सोसण्याची ही छटा ध्यानात आली, की तट, पकड आणि इच्छाशक्ती यांना एकच विशेषण का लागते ते उलगडते. 'लुया'चा शेवटचा स्वर लांबवला, की त्याचे क्रियाविशेषण होते. मोठ्याने बोलायलाही तेच आणि वेगाने गाडी हाकायलाही तेच. मराठी माणसाला हे अवघड वाटू नये, कारण आपले 'जोरात' ही दोन्ही कामे करतेच.

नवशिक्याला एवढा भार कशाला, आधी एक प्रतिशब्द पुरे, असा आक्षेप निघेल. ओळखीपुरता प्रतिशब्द हवाच. पण तेवढ्यावर थांबणारा पुढे कॉफीलाही 'लुया' लावतो आणि मुरलेली सवय मोडणे जास्त कष्टाचे असते. तीन जोड्या पाठ करणे त्याहून सोपे. पाठ केलेल्या जोड्यांतून स्वतःची वाक्ये कशी सुचणार, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर व्याकरणात आहे. 'मोठा वाडा'चे आपण 'मोठ्या वाड्यात' करतो. विशेषण बदलते, पण 'त' फक्त नामाला लागतो. फिनिशमध्ये प्रत्यय दोघांनाही लागतो: 'लुयास्सा मूरिस्सा', म्हणजे भक्कम तटात. जोडी पाठ असली, की हा नियम तिच्यासोबतच अंगवळणी पडतो आणि नव्या नामालाही लावता येतो. घरी कादोडी किंवा वाडवळी बोली आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणारी वसईची मुले शब्द असेच, वापरातून शिकत आली आहेत. दूरची भाषा शिकवणाऱ्यांनीही शब्दांच्या याद्यांऐवजी अशा जोड्या द्याव्यात.