फाल्गुनातील किनारा आणि पाखरांची नावे

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या मुखाजवळ, वेळास हे गाव वसले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते नाना फडणविसांचे गाव म्हणून परिचित. अलीकडे मात्र ते कासवांमुळे प्रसिद्धीस आले. बाणकोटच्या खाडीपासून केळशी-आंजर्ल्यापर्यंतचा हा किनारा फाल्गुनातील एखाद्या दिवशी पहाटेपासून सायंकाळपर्यंत पाहिला, तर प्राणिसृष्टीच्या घडामोडींबरोबरच मराठीच्या शब्दसंग्रहाविषयीही काही विचार सुचतात.

ओहोटी लागली की ओल्या वाळूवर लहान पाखरांचे थवे उतरतात. दुरून सारी सारखीच भासतात. परंतु त्यांच्या चालीत भेद आहे. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, आणि टोच मारतो; कारण तो भक्ष्य डोळ्यांनी हेरतो. तुतवार मात्र चोच वाळूत खुपसत सावकाश पुढे सरकतो. त्याला भक्ष्य चोचीच्या टोकाला स्पर्शाने कळते. एकाचे नाव वसतिस्थानावरून, तर दुसऱ्याचे बहुधा आवाजावरून पडलेले दिसते. दोन्ही नावे समूहवाचक होत. त्यांच्या पोटात कितीतरी जाती सामावल्या आहेत, आणि त्या वेगळ्या दाखवावयाच्या तर ग्रंथकारांना ‘छोटा’, ‘मोठा’ अशी विशेषणे जोडावी लागतात. हिवाळ्यात हे भेद ओळखणे कठीणच असते. फाल्गुनात प्रवासापूर्वी पिसारा पालटू लागतो आणि छोट्या चिखल्याची छाती विटकरी होते. ह्या एका जातीच्या पक्षिशास्त्रज्ञांनी अलीकडे सैबेरियाची व तिबेटची अशा दोन जाती मानल्या. कोकणात येणारे पक्षी बहुतांशी तिबेटकडील होत.

कुरव पक्ष्यांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे असते, केवळ डोळ्यामागे एक काळसर ठिपका दिसतो. वसंतात डोक्यावर टोपी चढते. पुस्तकांतून ‘काळ्या डोक्याचा’ आणि ‘तपकिरी डोक्याचा’ असे दोन कुरव सांगितलेले असतात. वस्तुतः पहिल्याचे डोकेही गडद तपकिरीच असते; दुसऱ्याचे फिकट, इतकाच फरक. नाव इंग्रजीवरून शब्दशः उतरवले गेले, पक्षी समोर ठेवून पडताळले गेले नाही. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत आपल्याकडे हे वारंवार घडते.

ह्याउलट ‘काकण’ हा शब्द पाहावा. पुस्तकी मराठीत ज्याला समुद्र गरुड म्हणतात, त्या पांढऱ्या पोटाच्या मोठ्या शिकारी पक्ष्याचे हे कोकणातील नाव. उंच झाडावर काटक्यांचे अवजड घरटे बांधून तो ते वर्षानुवर्षे वापरतो. झाडाखाली माशांची व समुद्रसर्पांची हाडे पडलेली आढळतात. लोकभाषा उपयोगाच्या वस्तूंनाच बारकाईने नावे देते, असे म्हणण्याची प्रथा आहे. माशांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे: बांगडा, तारली, मांदेली, बोंबील ही नावे कोणी एकमेकांत मिसळत नाही, आणि सुरमईला दक्षिणेकडे इसवण हे स्वतंत्र नाव आहे. पण काकण कोणाच्या उपयोगाचा? तो वर्षभर दिसतो, गावच्या झाडावर राहतो, एवढे कारण त्याला पुरले. म्हणून केवळ उपयोगाचा सिद्धान्त अपुरा वाटतो.

कासवाची गोष्ट आणखी निराळी. तळ्यातले, नदीतले, समुद्रातले, सर्वांना एकच शब्द. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ह्या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली संरक्षणाचे काम आरंभिले. त्यापूर्वी घरट्यांतील अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे नेत असत. आता अंडी कुंपणाच्या आत पुरतात. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात. पिल्ले पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर येतात. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्याच अधिक निपजतात. ह्या कामातून ‘कासवमित्र’ हा शब्द रूढ झाला. पुढे २०२२ साली उपग्रहाशी जोडलेली यंत्रे पाठीवर बसवलेल्या माद्यांना ‘प्रथमा’, ‘सावनी’ अशी नावे मिळाली. सामान्यनामाखाली दडलेला प्राणी विशेषनामापर्यंत पोचला, तो मधली जातिवाचक पायरी गाळून. कारण ‘ऑलिव्ह रिडले’ला मराठी बोलण्यात अजूनही तेच परके नाव चालते.

हा प्रश्न केवळ कोशकाराच्या सोयीचा नव्हे. ‘तुतवार’ म्हटल्याने दहा जातींचा बोध होत असेल, तर त्यांतील एक जात किनाऱ्यावर यावयाची थांबली तरी बोलणाऱ्याच्या भाषेत काहीच उणे होत नाही, तुतवार आहेतच. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी ‘पक्षीकोशा’त बोलींतील नावे गोळा करून मोठे काम केले. किनाऱ्यावरील कोळी, खारवी, गाबीत, दालदी ह्यांच्या बोलींतून अशीच तपशीलवार नोंद व्हावयास हवी. ती करताना नाव सांगणारा आणि पक्षी एकाच वेळी समोर असावेत. चित्र दाखवून विचारलेली नावे फसवी निघतात, कारण चित्रात आकाराचा अंदाज येत नाही आणि चाल तर मुळीच दिसत नाही. अशा कामाला फाल्गुन आणि चैत्राचा पूर्वार्ध सर्वांत सोयीचा. पिसारा रंगलेला असतो, आणि थवे अजून गेलेले नसतात. वैशाखात वाळूवर बहुधा गतवर्षी जन्मलेली, उत्तरेकडे न गेलेली, फिकट रंगाची थोडीच पाखरे मागे उरतात.