बिनझाकणाचा संगणक

"अगं, एवढे पैसे घातलेस नि याला झाकणच नाही?" मी स्वतः जोडलेला संगणक पाहून वडिलांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. वडील गवंडी आहेत. छपराशिवाय घर म्हणजे अर्धे काम, हा त्यांचा हिशेब. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करते.

आमच्या घरी अभ्यासाची जागा म्हणजे आईच्या शिवणयंत्राशेजारची फळी. तेवढ्यात मावेल असाच संगणक हवा होता, आणि तयार घेण्याइतके पैसे एकदम हाती येणारे नव्हते. सुटे भाग मात्र शिकवण्यांच्या पैशांतून एकेक करून आठ महिन्यांत जमले.

संगणकाचा आकार ठरतो तो मदरबोर्डवरून. नेहमीचा 'एटीएक्स' बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. 'व्हिया' कंपनीने २००१ साली आणलेला 'मिनी-आयटीएक्स' १७० बाय १७० चा, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. त्यावर जादा कार्डासाठी एकच खाच असते. मी 'रायझन ५ ५६००जी' प्रोसेसर घेतला; पडद्यावर चित्र उमटविणारा भाग त्याच्या पोटातच असल्याने वेगळे कार्ड लागले नाही.

या प्रोसेसरच्या खालच्या अंगाला १३३१ बारीक पिना आहेत. चिपेच्या कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी वर उचललेली ठेवायची आणि चिप नुसती अलगद सोडायची, दाबायची नाही. पिना वाकल्या तर आठ महिने पाण्यात! पहिल्या दिवशी हात इतका थरथरू लागला की मी डबी मिटून ठेवून दिली.

आता झाकणाविषयी. हा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. जुन्या साठच्या बल्बला ज्यांनी चुकून हात लावला असेल त्यांना ही ऊब ठाऊक आहे. येथे ती टिकलीएवढ्या तुकड्यात निर्माण होते. मोठ्या पेटीत पंखे एका बाजूने गार हवा घेतात व दुसरीकडून गरम हवा लोटतात. लहान बंद पेटीत ती कोंडते. उघड्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात हवेला ठरलेली वाट नसली तरी कोंडमाराही नसतो, म्हणून एका लहान पंख्यावर भागते.

आईला भीती शॉकची. परंतु २३० व्होल्टचा प्रवाह केवळ पॉवर सप्लायच्या बंद धातूच्या डब्यात असतो. तेथून बोर्डाकडे येतात ते १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी. त्या डब्याचे स्क्रू मात्र कधीही उघडू नयेत, वायर काढलेली असली तरीही. आत वीज साठून राहते.

धूळ हा खरा शत्रू. दर पंधरवड्याला, वीज बंद करून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने झाडावे लागते. त्यातच एके रात्री उबेला आलेली पाल बोर्डावर बसलेली दिसली! दुसऱ्या दिवशी वडिलांनी खिडकीच्या मच्छरजाळीचा एक चौकोनी पिंजरा करून वर ठेवला. तेव्हापासून प्रोसेसरचे तापमान दोन अंशांनी वाढलेले दिसते. त्याची मर्यादा ९५ अंशांची आहे, नि माझा ऐन एप्रिलमध्येही सत्तरीच्या वर फारसा जात नाही. पिंजरा तसाच ठेवला आहे.