घरच्या संगणकात काय टाकायचं? विंडोज, लिनक्स आणि आपला जुना लॅपटॉप

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, पण इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी तो टेबलावर कापड टाकून झाकून ठेवलेला असेल. लॉकडाऊनमध्ये मुलांचे वर्ग ऑनलाइन झाले. नवा लॅपटॉप परवडण्यासारखा नव्हता, म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरीतल्या कितीतरी घरांनी वापरलेला घेतला. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमधून निघालेले डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड. दुकानदारानं त्यावर विंडोज १० मारून दिलं आणि गाडी सुरू झाली. आता त्याच पडद्यावर सूचना येते की या विंडोजचा सपोर्ट संपला. मग घरात प्रश्न उभा राहतो: हा भंगारात द्यायचा आणि नवा घ्यायचा का?

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे, की बहुतेक घरांत नवा घ्यायची गरज नाही. पण “लिनक्स टाका, फुकट आहे” असं सरसकट सांगणाऱ्यांचंही आम्ही ऐकत नाही. तुमचं काम काय, मशीन कोणतं आणि मशीनला काय काय जोडलेलं आहे, या तीन गोष्टींवर निर्णय होतो. त्यातली तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तिथंच फसतात.

आधी सपोर्ट संपला म्हणजे काय ते बघू. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती बंद केली. याचा अर्थ लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असा नाही, तो चालतोच. पण ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सुरक्षेच्या दृष्टीने कमकुवत जागा सतत सापडत असतात आणि त्या बुजवणारे अपडेट कंपनी पाठवत असते. ते येणं थांबतं. घरच्या वापरासाठी एका वर्षाची मुदतवाढ, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नोंदणी करून घेता येते आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ज्यांना घाई नको त्यांनी ती जरूर घ्यावी. पण तो श्वास घ्यायला मिळालेला वेळ आहे, उपाय नव्हे.

मग विंडोज ११ का टाकत नाही? अनेक जुन्या मशीनवर ते अधिकृतपणे चालत नाही. त्याला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ते आपल्याकडे असतं. अडतं ते टीपीएम २.० या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरच्या पिढीवर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. पिढी ओळखणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा. प्रोसेसरचं नाव दिसेल. ‘आय५-६३००यू’ असेल तर रेघेनंतरचा पहिला आकडा ६, म्हणजे सहावी पिढी. ‘आय५-८२५०यू’ म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे धरायचे, ‘आय५-१०२१०यू’ म्हणजे दहावी. आठवी किंवा पुढची असेल तर फार डोकं लावू नका, विंडोज ११ घ्या आणि घरी जा. (हशा) बाकीच्यांनी बसा.

तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. दुकानात ते करूनही देतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरात एकच संगणक असेल तर त्यावर असला प्रयोग नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट. दुकानात “विंडोज मारून” देतात तेव्हा पुष्कळदा ते बिनपरवान्याचं असतं. ते ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायला एक छोटा प्रोग्राम चालवतात आणि तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात. राखणदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला वाड्यात घेण्यासारखंच आहे हे. त्याच लॅपटॉपवर मग आपण बँकेचा पासवर्ड टाकतो, पीकविम्याचा अर्ज भरतो. आणि गंमत अशी की कंपन्यांतून निघालेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजची खरी किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून विंडोज उतरवून त्याच प्रकारचं, म्हणजे प्रोला प्रो, टाकलं तर ते इंटरनेट जोडताच आपोआप अधिकृत होतं. जे हक्काचं आहे ते आपण चोरून वापरतो.

आता लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आत तोच गाभा आहे. जगातले पहिले ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. आणि लांब कशाला, आपल्या औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहते आहे, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. लायगोच्या शास्त्रज्ञांचं माहिती तपासण्याचं काम प्रामुख्यानं लिनक्सवरच होतं. म्हणजे ‘हे आपल्याकडं कोण वापरतं’ हा प्रश्न निदान औंढ्याच्या माणसानं तरी विचारू नये. केरळमध्ये सरकारी शाळांच्या संगणकांवर काइट जीएनयू/लिनक्स आहे. आपल्या सी-डॅकनंही बॉस नावाचं लिनक्स केलं आहे. मात्र घरासाठी आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. ते दिसायला विंडोजसारखं आहे, आणि अडलं तर उत्तर देणारे लोक जगभर आहेत. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅम असेल तर त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

आणि रॅमपेक्षाही मोठा फरक पडतो तो डिस्कने. फिरणारी जुनी हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. “लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप पळायला लागला” असं सांगणाऱ्या माणसाला आम्ही आधी विचारतो, डिस्क बदलली होती का? बहुतेक वेळा उत्तर हो असतं.

आता ती तिसरी गोष्ट, मशीनला जोडलेल्या वस्तू. घरात विद्यार्थी असेल, काम ब्राउझरमध्ये होत असेल, यूट्यूब, पीडीएफ, अर्ज भरणं, थोडं टायपिंग, एवढंच असेल तर लिनक्सवर काही अडत नाही. पण हळदीच्या आडतीवर टॅली चालत असेल तर विंडोजच ठेवा, कारण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. घरातला कोणी आपले सरकार सेवा केंद्र चालवत असेल, डिजिटल सहीचं टोकन किंवा बोटाचा ठसा घेणारं यंत्र लावत असेल, तर त्या मशीनला हात लावू नका. त्यांची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज धरून लिहिलेली असतात. मूल एमएस-सीआयटी करत असेल तर तिथं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवतात. सराव लिब्रे ऑफिसवर करता येतो, पण बटणं वेगळ्या जागी असतात आणि परीक्षेच्या तोंडावर मूल गोंधळतं.

प्रिंटरचं तर वेगळंच प्रकरण. आपल्याकडं घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तो कॅननचा एलबीपी २९००. चिवट मशीन आहे, पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं म्हणजे डोकेदुखी. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात. लेझरजेट १०२० ला एक जादा फाइल उतरवावी लागते, ती प्रिंटर जोडल्यावर एचपीचं सॉफ्टवेअरच मागतं. म्हणून लिनक्स टाकण्याआधी प्रिंटरवरचं नाव वाचा.

बसवायचं कसं ते आता सांगतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची आहे, आणि आपला मोबाइलचा पॅक रोजचा दीड-दोन जीबीचा. म्हणजे एका दिवसात ती उतरत नाही. टॉरेंटने उतरवा, म्हणजे आज अर्धवट राहिलेलं उद्या तिथूनच पुढं सुरू होतं आणि शेवटी फाइल पूर्ण आहे की नाही हेही तोच तपासतो. मग रूफस किंवा एचर या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर ‘लिहायची’. नुसती कॉपी करून चालत नाही. लॅपटॉप सुरू करताना डेल, लेनोव्होला एफ१२ आणि एचपीला एफ९ दाबलं की कुठून सुरू करू असं विचारतो. पेनड्राइव्ह निवडा.

इथं लिनक्सची सगळ्यात चांगली सोय कामाला येते. काहीही न पुसता ते थेट पेनड्राइव्हवरून चालतं. घाई करू नका, तासभर तसंच वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतो का, प्रिंटर छापतो का. वायफाय नाही लागलं तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, ड्रायव्हर तेवढ्यावर उतरतो. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जिथल्या तिथं आहे.

पटलं, तरी लगेच बसवू नका. आता जे सांगतो ते लिहूनच घ्या. आपल्याकडं एक सवय आहे, महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं. दुकानदार फॉरमॅट मारतो तेव्हा फक्त सी पुसतो आणि डी वाचतो, त्यामुळे डी म्हणजे तिजोरी असा समज झाला आहे. लिनक्स बसवताना ‘इरेज डिस्क’ हा पहिला पर्याय निवडला तर सी, डी, ई, सगळंच जातं, कारण ते एकाच डिस्कचे कप्पे आहेत. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ, जातीच्या दाखल्याचे स्कॅन, मुलीच्या मार्कमेमो, सगळं. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत आणि दुसऱ्या कुठल्यातरी जागी आणखी एक. कॉपी झाल्यावर दुसऱ्या संगणकावर दोन-चार फाइल उघडून बघा. ब्राउझरमधले पासवर्डही उतरवून घ्या.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचा पर्यायही असतो. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. आणि बिटलॉकर सुरू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा, नाहीतर विंडोज किल्ली मागत बसेल आणि तुम्ही दार ठोठावत बसाल. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. डिस्कचे कप्पे पाडताना लाइट गेली तर दोन्हीकडून जाल. इन्व्हर्टरवर जोडूनच बसा. एवढी तयारी असली तर प्रत्यक्ष बसवणं चहा होईपर्यंत उरकतं.

मराठीचं काय, हा हमखास येणारा प्रश्न. इन्स्क्रिप्ट मांडणी लिनक्समध्ये आधीपासूनच असते, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ती जोडायची. बोटांना सवय असलेली जागा तीच राहते. ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी चा हलन्त, मग य. विंडोजवरही हेच आहे. अडचण होते ती जुन्या फाइलींची. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये केलेल्या अर्जांत खरं तर मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि कागदावर नुसती इंग्रजी खिचडी दिसते. म्हणून बॅकअप घेताना विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही उचला, लिनक्समध्ये ते बसवता येतात. पण इथून पुढं तरी युनिकोडमध्येच लिहा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

सेनगावच्या एका ताईंनी विचारलंय, लिनक्सवर व्हायरस येतच नाही, हे खरं का? नाही ताई. कमी येतो. पण बँकेची म्हणून खोटी लिंक आली आणि आपणच तिथं ओटीपी टाकला, तर विंडोज काय आणि लिनक्स काय. अपडेट मॅनेजर खूण दाखवेल, ती दिसली की अपडेट करून टाका. आणि टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी सुरू करा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टीम आदल्या दिवशीच्या स्थितीत परत नेता येते. तुमच्या फाइलींची प्रत मात्र त्यात धरू नका, ती वेगळी काढायची.

दुसरी चिठ्ठी, घरी २ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप आहे, त्याचं काय? मिंट त्यावर सुरू होईल, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की गुदमरेल. त्या जातीची दुसरी रॅम मिळते का ते आधी विचारा, जुन्या मशीनची डीडीआर३ रॅम वापरलेली मिळते. ४ जीबी करता आली तर वर सांगितलेलं सगळं लागू. नाहीच मिळाली तर त्यावर ऑनलाइन कामाचा हट्ट धरू नका. इंटरनेट न जोडता लहान मुलांना टायपिंगच्या सरावासाठी ठेवा.