तळ गाठणारं दोना पावला

दोना पावलाच्या जेट्टीवर येणारा पर्यटक अजूनही 'एक दूजे के लिए'चं नाव काढतो. सिनेमा १९८१ चा. त्याच वर्षी जवळच्याच एका सरकारी संस्थेच्या पदरात जे पडलं, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजानं हिंदी महासागराच्या तळावरून, चार किलोमीटरहून जास्त खोलीवरून, बटाट्याएवढे काळपट गोटे वर काढले. संस्थेचं नाव राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पण गोव्यात कोणालाही विचारा, 'एनआयओ' म्हटलं तरच रस्ता दाखवतील.

'गवेषणी' हे आपलं पहिलं समुद्रसंशोधन जहाज. ते मुळात गाळ वाहून नेणारी बार्ज व्हायचं होतं. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत त्याचं रूप पालटलं आणि १९७६ मध्ये ते संशोधनाला लागलं. अशा जहाजावरून तळाला हात घालायचा म्हणजे तारेला झेला बांधून तासन् तास सोडत राहायचं आणि पुन्हा तासन् तास ओढत राहायचं. एवढं करून झेला रिकामा आला, तर ती पाळी फुकट.

गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. शार्कच्या दाताभोवती किंवा जुन्या गोट्याच्या कपच्याभोवती पाण्यातले धातू थरांवर थर देत बसतात. वाढ इतकी सावकाश, की दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. या गोट्यांच्या जोरावर भारतानं आंतरराष्ट्रीय पाण्यातल्या तळावर हक्क सांगितला. त्यासाठी सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचा अर्ज केला होता, म्हणजे जवळपास अख्ख्या महाराष्ट्राएवढं. १९८७ मध्ये त्यातलं निम्मं मिळालं. 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून नोंद झालेला भारत हा पहिला देश. पुढे नियमानुसार निम्मा भाग सोडावा लागला आणि ७५,००० चौरस किलोमीटर हाती राहिले.

हे गोटे काढावेत का, हा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा. १९९७ मध्ये याच संस्थेनं मध्य हिंदी महासागरात मुद्दाम तळ ढवळून पाहिला. उडालेला गाळ कुठे बसतो, त्यात राहणाऱ्या जिवांचं काय होतं, ते पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, हे तपासण्यासाठी. ज्यांनी हक्क मिळवून दिला, त्यांनीच नुकसानीचा अंदाजही घ्यायला सुरुवात केली, ही गोष्ट मला हक्कापेक्षा मोठी वाटते. व्यापारी उत्खननाच्या आंतरराष्ट्रीय नियमांवरची घासाघीस पुढे वर्षानुवर्षं चालूच राहिली.

संस्थेचा जन्म १ जानेवारी १९६६ चा. त्यामागे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम होती. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची चाळीसच्या आसपास जहाजं या महासागरात उतरली, कारण तोवर तो सर्वांत कमी माहीत असलेला महासागर होता. आपल्या नौदलाची 'आयएनएस किस्तना'ही त्यात होती. मोहिमेतले प्लवकांचे नमुने निवडण्यासाठी कोचीत केंद्र उघडलं. तेच पुढे संस्थेचं प्रादेशिक केंद्र झालं. मुंबई आणि विशाखापट्टणमलाही केंद्रं आहेत. पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर.

त्या मोहिमेतली एक गोष्ट मला फार बोचते. अरबी समुद्रात कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची पर्वतरांग आहे. नाव बिअर कंपनीवरूनच आलं, कारण 'डॅना' या डॅनिश जहाजाच्या मोहिमेमागे कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानचा पैसा होता. १९६२ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या 'ओवेन' जहाजानं या रांगेवर चुंबकमापक फिरवला. ड्रमंड मॅथ्यूज ती मापनं घेऊन केंब्रिजला गेले आणि त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन त्यांवर काम करायला बसला. तळाशी थिजणारा लाव्हा त्या क्षणीचं पृथ्वीचं चुंबकत्व जपून ठेवतो. हे चुंबकत्व अधूनमधून उलटत असल्यामुळे रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट पट्टे पडतात. म्हणजे समुद्रतळ मधोमध फाटतोय आणि दोन्हीकडे सरकतोय. हे मांडणारा त्यांचा निबंध १९६३ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि भूपट्ट-सिद्धान्ताच्या पायाचा एक दगड ठरला. समुद्र आपल्या दारचा, मापनं आणि निष्कर्ष मात्र त्यांचे. चूक त्यांची नाही. जहाज, यंत्र आणि गणित करणारा माणूस तिन्ही एका जागी असावे लागतात, आणि तेव्हा आपल्याकडे ते नव्हते.

तीस वर्षांनी चित्र पालटलं होतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर, लक्ष्मी नावाच्या पाण्याखालच्या उंचवट्याच्या आणि जमिनीच्या मधे, लक्ष्मी खोरं आहे. तिथेही असेच चुंबकीय पट्टे असल्याचं १९९४ मध्ये एनआयओच्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं. त्या खोऱ्यातल्या तीन बुडीत पर्वतांना सी. व्ही. रामन, पणिक्कर आणि भूशास्त्रज्ञ डी. एन. वाडिया यांची नावं आहेत. खोऱ्याचं कवच महासागरी की ताणून पातळ झालेलं भूखंडी, यावर तज्ज्ञ अजून हातघाईवर येतात. वाद आपल्याही कामाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त झोतातून सह्याद्रीचा काळा कातळ ओतला गेला, तोच झोत आज रियुनियन बेटाखाली असल्याचं मानतात; भारत उत्तरेकडे सरकत गेला तसा त्याचा माग लक्षद्वीप, मालदीव, चागोस असा समुद्रात उमटला. सेशेल्सची बेटं आपल्यापासून तुटली तीही याच धामधुमीत. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर ज्या दगडाला आपण टेकतो, त्याच्या गोष्टीचा पुढचा भाग पाण्याखाली आहे.

आता खोल समुद्र सोडून गोव्याच्याच किनाऱ्यावर, कांदोळीसमोर येऊ. तिथल्या एका ठरावीक जागी संस्थेचे लोक १९९७ पासून वर्षानुवर्षं जाऊन पाण्याचे नमुने घेत आले. पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर खालचं थंड, आधीच प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ किनारपट्टीवर चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो. खाली मेलेली प्लवकं कुजतात, उरलासुरला प्राणवायू संपतो; मग जिवाणू नायट्रेटवर उतरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेही सरलं की पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटल्या जातात, त्या सुमारास तळाशी हे चाललेलं असतं. तळाची मासळी अशा पाण्यात थांबत नाही.

संस्थेतल्याच एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं, की याच पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरणारा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे हे वाढत असावं, अशी शंकाही त्यांनी मांडली. निसर्गाचा वाटा किती आणि आपला किती, हे एका सफरीत कळत नाही. म्हणून त्याच जागी, त्याच खोलीवर, दर हंगामात बाटल्या बुडवायच्या. अशा कामाला उद्घाटन नसतं, फीत नसते, आणि निधी मागताना नवं काय, असं विचारलं जातं.

लांब नोंदीचं मोल मुंबईकरांना तरी कळावं. अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्यांपैकी. अशा जुन्या बंदरनोंदी धरून ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर या संस्थेतल्या दोघांनी २००७ मध्ये हिशेब मांडला: उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर पाणी वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटरनं चढत आलंय. उपग्रहांच्या काळातला, १९९३ ते २०१२ चा वेग ३.२ मिलिमीटर निघाला. हे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच 'वेग अडीचपट झाला' म्हणू नये. एक बंदरांवरचा, दुसरा खुल्या समुद्रावरचा. शिवाय वीस वर्षांत समुद्र आपसूकही वर-खाली होतो. आणि मुंबईतल्या हिंदमाता किंवा मिलन सबवेत पाणी किती भरेल, हे यातल्या कुठल्याच आकड्यातून निघत नाही. त्यासाठी उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच तासाला आले तर काय, याचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि त्यातला उधाणाचा अर्धा भाग बंदरावरच्या त्या जुन्या नोंदींतूनच येतो.