आधी कपडे, मग मैल

मंडळी, आपल्या या पानावर कोलेस्टेरॉल, निवृत्तिवेतन आणि योगासने यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज मी कपड्यांवर लिहिणार आहे. पुरुष वाचकांनी लगेच पान उलटू नये. घरातली बायको, बहीण किंवा मुलगी व्यायाम का सोडून देते, याचे एक कारण कदाचित इथे सापडेल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या रक्ततपासणीत एचबीए१सी ५.९ आले. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सांगलीला माझी आई साठीच्या आतच इन्सुलिनवर गेली, त्यामुळे तो आकडा मला नवा नव्हता. फक्त आता तो माझ्या नावापुढे होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्याला १५० मिनिटे भरभर चाला किंवा ७५ मिनिटे धावा. मी पडले सॉफ्टवेअरवाली. निम्म्या वेळात काम होत असेल तर धावणेच बरे, असा हिशेब केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एडिसनच्या रूझवेल्ट पार्कात हजर झाले. अंगात नवऱ्याचा जुना सुती टी-शर्ट, घरातल्या लेगिंग्ज आणि रोजची ब्रा.

तिसऱ्या दिवशी मांड्या आतून घासून सोलवटल्या. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले. घामाने भिजलेला टी-शर्ट पोटाला चिकटत होता आणि मी पावलागणिक तो खाली ओढत होते. धावणे बंद झाले. विचारणाऱ्यांना मी सांगितले, "गुडघा दुखतो." गुडघा अगदी ठणठणीत होता. पण "मांड्या काचतात" हे कोणाला सांगणार?

मग खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेले. बायकांच्या विभागात कपडे एक्सएलपर्यंत. तो एक्सएल माझ्या मांड्यांवरून वर सरकेना. काउंटरवरची मुलगी भली होती. ती हळूच म्हणाली, "त्यापुढची मापे दुकानात ठेवत नाहीत, मागवावी लागतात." ट्रायल रूममधल्या स्टुलावर मी पाच मिनिटे बसून राहिले आणि मनाशी ठरवले, आधी वीस पौंड कमी करू, मग कपडे घेऊ.

आमच्या क्षेत्रात या प्रकाराला डेडलॉक म्हणतात. कपडे थांबलेत वजनासाठी, वजन थांबलेय धावण्यासाठी, धावणे थांबलेय कपड्यांसाठी. तिघेही एकमेकांची वाट बघत बसतात आणि यंत्र जागच्या जागी गोठते. माझे यंत्र तीन महिने गोठले होते.

ते सोडवले आईने, फोनवरून. आधी ती म्हणाली, "अगं, त्या बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी. तुला कसले कपडे लागतात?" ज्यांच्यावर २०२० मध्ये मराठी चित्रपट आला, त्याच या लताबाई. मी म्हटले, "आई, नऊवारीला माप नसते. जिच्या अंगाला लावशील तिच्या मापाची होते. शिवाय त्या हौसेने नव्हत्या धावल्या." आई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याला माप देतेस ना? मग दुकानात मापाशिवाय कशी गेलीस?"

खरेच की. मी लेबलावरची अक्षरे घेऊन गेले होते, स्वतःचे माप नव्हे.

लेबलावरचा आकडा कुठून आला?

अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे सरकारी पाहणीत घेतली गेली. हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली. त्यांच्या आधारे १९५८ मध्ये कपड्यांच्या मापांचे प्रमाण प्रसिद्ध झाले. ते पाळायची सक्ती नव्हतीच आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतले गेले. आज प्रत्येक कंपनीचे १४ किंवा १६ नंबर तिचे तिचे असतात. त्यामुळे एका दुकानात एक्सएल बसले नाही, तर त्यावरून फक्त त्या कंपनीचा नमुना कळतो. आपल्याविषयी त्यातून काही सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याची. पुष्कळ कंपन्या एका लहान मापाचा नमुना कापतात आणि तोच सगळीकडून वाढवत नेतात. पण अंग असे सगळीकडून सारखे वाढत नाही. कोणाची मांडी वाढते, कोणाची छाती, कोणाचे दंड. म्हणून १एक्स हा नुसता मोठा केलेला एक्सएल नसावा, त्याचा कट वेगळा असावा लागतो. एक्सएल मांडीला घट्ट आणि कमरेला सैल होत असेल तर १एक्स घालून बघा. नंबर मोठा म्हणून लाजू नका.

घरी घ्यायची मापे

शिवणाची टेप घ्या आणि पाच मापे लिहून ठेवा: छातीचा सर्वांत भरलेला भाग, छातीच्या लगेच खाली, कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद भाग आणि मांडीचा सर्वांत जाड भाग. टेप ओढून धरू नका, पोट आत घेऊ नका. शिंप्याला फसवून ब्लाउज कोणाला बसलाय? हे आकडे कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. दोन मापांच्या मध्ये आलात तर दोन्ही मागवा आणि एक परत करा. परतीचे नियम मात्र आधी वाचा.

ब्रा

यात संकोच नको, कारण सगळ्यात आधी पैसे इथेच घालायला हवेत. छातीत स्वतःचा स्नायू नसतो. आधार असतो तो त्वचेचा आणि आतल्या नाजूक तंतूंचा. धावताना छाती वरखाली तर होतेच, शिवाय डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलते. नेहमीची ब्रा त्यासाठी केलेली नसते. खास धावण्यासाठीची ब्रा निघाली ती १९७७ मध्ये, व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावी. लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून पहिला नमुना केला होता. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर आठ वर्षांनी!

या ब्रा मुख्यतः दोन प्रकारच्या. एक छाती सपाट दाबून धरणारी, दुसरी दोन वेगळे कप असलेली. भरलेल्या अंगाला दुसरी किंवा दोन्हींचा मेळ असलेली बरी. आधार बहुतेक खालच्या पट्ट्याने द्यायचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. माझ्या खांद्यांवर वळ उठले ते खालचा पट्टा सैल होता म्हणून. पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जायला हवीत, हात वर केल्यावर पट्टा जागेवर राहायला हवा, वरून किंवा बगलेतून काही बाहेर येता कामा नये. कपची अक्षरेही सारखी नसतात. डीडीनंतर ब्रिटिश कंपन्या ई, एफ, एफएफ अशा जातात, अमेरिकन कंपन्या डीडीडी, जी अशा. कंपनी कुठली ते बघूनच मागवा.

शॉर्ट्स आणि टी-शर्ट

मांड्या जिथे एकमेकींना घासतात, त्याच्या खालपर्यंत कापड पोचले पाहिजे. मला ८ इंची आतली शिवण लागते. ७ ते ९ इंचांत बहुतेकींचे काम होईल. शिवण उलटून बघा, ती चपटी हवी. कंबरपट्टा उंच आणि आत नाडी असलेला घ्या, नाहीतर सगळे लक्ष शॉर्ट्स वर ओढण्यात जाते. सुती कापड घाम धरून ठेवते, म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉन, त्यात ताणाचा धागा. नवऱ्याचा टी-शर्ट नवऱ्याला परत करा. तो आपल्याला खांद्यात सैल आणि नितंबांवर घट्ट होतो.

ट्रायल रूममध्ये नुसते आरशासमोर उभे राहू नका. जागच्या जागी अर्धा मिनिट धावा, दोन उठाबशा काढा, वाका. तिथे जे सरकेल किंवा टोचेल, ते दुसऱ्या मैलाला काचणार. तरीही घासणाऱ्या जागी निघताना थोडे व्हॅसलीन लावलेले बरे.

खर्चाचा हिशेब

माझी खरेदी अशी झाली: दोन ब्रा १२४ डॉलर, दोन शॉर्ट्स ९६, दोन टी-शर्ट ४४. एकूण २६४ डॉलर. आकडा बघून माझ्यातली सांगलीकरीण जागी झाली. पण आठवड्याला तीनदा, आजारपण आणि हिमवर्षाव वगळून वर्षाला १३० वेळा धावले तर एका वेळेचे साधारण दोन डॉलर पडतात. त्याआधीच्या वर्षी जिमला मी ४८० डॉलर भरले होते आणि चारदा गेले होते. एका वेळेचे १२० डॉलर! एकदम सगळे घेणे जमत नसेल तर आधी एक ब्रा आणि एक शॉर्ट्स घ्या आणि रोज रात्री धुवा. थंड पाण्यात धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, ड्रायरमध्ये घालू नका. उष्णतेने ताणाचा धागा लवकर मरतो.

आता शनिवारी मी डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याच्या काठाने दोन मैल न थांबता धावते. वजन फक्त चार पौंड उतरले आहे, कपड्यांचे माप तेच आहे. एचबीए१सी ५.७ आहे, म्हणजे अजून उंबरठ्यावरच, पण एक पाऊल मागे घेतलेले. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "बरं झालं. आणि गुडघा कसा आहे?" तिलाही मी तेच सांगितले होते. मग खरे काय ते सांगितले.

जाता जाता आपल्या कार्यकारिणीला एक विनंती. मंडळाच्या उन्हाळी सहलीतल्या ५ किलोमीटर दौडीचे टी-शर्ट गेल्या वर्षी एक्सएलपर्यंतच होते. यंदा नावनोंदणीच्या कागदावर ३एक्सपर्यंत रकाना ठेवावा. जिला बसणारा टी-शर्टच नाही, ती बटाटेवड्यांच्या टेबलामागे उभी राहते आणि म्हणते, गुडघा दुखतो. ती मीच होते. आणखी कोणी असेल तर शनिवारी सकाळी सातला रूझवेल्ट पार्कच्या तळ्यापाशी या. माझ्या पर्समध्ये टेप आहे.